रायरांचं वेळापत्रक

आमच्या घरमालकांनी माकडांचं वेळापत्रक तयार केलं होतं, असं मी सांगायला लागले की माझी सून आधी माझ्याकडे बघते आणि मग पाहुण्यांकडे. तिला वाटतं, सासूबाई आता वाढवून सांगणार. अहो, वाढवायचं कशाला? तो माणूस मुळातच असा होता की कमी करून सांगितलं तरी लोकांना खरं वाटत नाही.

मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत देवळाच्या तळ्यामागे एक अरुंद गल्ली आहे, तिथे आम्ही पहिल्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. ह्यांची बँकेतली शेवटची बदली मद्रासला झाली आणि निवृत्तीनंतरही आम्ही तिथेच चिकटलो. घरमालक वर, दुसऱ्या मजल्यावर, एकटे. तंजावरचे मराठी. अशा लोकांना तमिळ माणसं 'रायर' म्हणतात, म्हणून गल्लीत सगळे त्यांना रायरच म्हणत, आणि आम्हीही. त्यांचं मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं, आणि त्यात मधूनमधून तमिळ. मला पहिले सहा महिने अर्धं कळायचं नाही. त्यांना माझं पूर्ण कळायचं, आणि ते माझं मराठी 'फार घाईचं' आहे म्हणायचे.

रायर रेल्वेतून निवृत्त झालेले. गल्लीतल्या निम्म्या लोकांना ते स्टेशनमास्तर होते असं वाटे, आणि रायरही कुणाचा गैरसमज मुद्दाम दूर करत नसत. खरं म्हणजे ते वेळापत्रकाच्या खात्यात कारकून होते. जन्मात कधी हिरवा झेंडा हलवला नाही, पण कुठली गाडी कुठे किती मिनिटं थांबते आणि का थांबते, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या. हात मात्र रूळ आखतच राहिले. मग गच्चीवर येणारी माकडं सापडली.

घर बघायला गेलो तेव्हाचं सांगते. घरमालक काय विचारतात? माणसं किती, पाणी किती वापरता, मटण शिजवता का. रायरांनी आम्हाला विचारलं, "डबे स्टीलचे का प्लॅस्टिकचे?"

हे म्हणाले, "दोन्ही आहेत."

"प्लॅस्टिकचे इथे चालणार नाहींत. झांकण दातांनीं निघतें. फ्रिजला कुलूप आहे?"

"फ्रिजला कोण कुलूप लावतं हो?" मी म्हटलं.

"लावाल," म्हणाले. "अस्के लावतात." अस्के म्हणजे सगळे. मी मनात म्हटलं, हा म्हातारा डोक्याने जरा हलका दिसतोय. तिसऱ्याच दिवशी एक माकडीण फ्रिज उघडून, खाली बसून, भोपळी मिरची बाजूला ठेवून नेमकी द्राक्षं निवडताना मी पाहिली. माझी चाहूल लागल्यावर ती उठली, आणि खोटं नाही सांगत, जाताना दाराला धक्का देऊन गेली. फ्रिज बंद झाला. आमच्या ह्यांना हे चाळीस वर्षांत जमलेलं नाही.

तर ते वेळापत्रक. लांब रजिस्टर, लाल-निळ्या पेन्सिलीने आखलेलं. रकाने पाच: ठिकाण, येणे, जाणे, थांबा, कारण. टोळीत तेरा माकडं. देवळाकडे जाताना ती 'अप', परत येताना 'डाउन'. समोरच्या मामींच्या घरापुढे कारण लिहिलेलं: नारळ, शुक्रवारी जास्त. कोपऱ्यावरच्या मेसपुढे: भात, अप्पळम, म्हणजे पापड. आमच्या घरापुढे नुसतं: कुकर.

"कुकर म्हणजे काय? माझ्या कुकरला कुठे हात लावतात ती?"

"हात कशाला लावतील? ऐकतात," रायर म्हणाले. "तिसरी शिट्टी झाली कीं तुम्ही गॅस बंद करून पुढच्या खोलींत पंख्याखालीं येऊन बसतां. स्वैपाकघर रिकामें. चौथ्या शिट्टीची वाट बघत नाहींत तीं. बाई, तुम्ही मद्रासला येऊन किती वर्षें झालीं?"

"नऊ."

"अजून तुम्हाला भाजीवालीचें तमिळ कळत नाहीं. त्यांना तुमची शिट्टी सहा महिन्यांत कळली."

मी शाळा सातवीपर्यंत शिकलेली बाई. माकडांबरोबर माझी परीक्षा घेतली आणि मी नापास झाले.

त्यांचं लक्ष नुसतं माकडांवर नव्हतं. सकाळी मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरायला जायचे ते लोकांसारखी हवा खायला नव्हे. घारी मासळीच्या टोपल्यांवर कुठल्या वेळी घिरट्या घालतात, कावळा सुंडलचा, म्हणजे उकडलेल्या चण्यांचा, कागदी पुडा रिकामा आहे की भरलेला हे दुरून कसं ओळखतो, याची नोंद करून यायचे. एकदा झाडावरून पडलेलं कावळ्याचं घरटं हातात घेऊन आले. त्यात काडी एकच. बाकी सगळ्या तारा, आणि मधोमध आमच्या दोरीवरचा हरवलेला हँगर. "बघा, काय इंजिनियरिंग!" मला म्हणाले. मी म्हटलं, "रायर, हँगर माझा आहे." ते म्हणाले, "होता." खारीने मीटरच्या डब्यावर घरटं केलं ते माझ्या पोछ्याच्या कापसाचं. तेव्हा त्यांनी मला पोछा नवीन आणायला सांगितला, घरटं काढायला नाही.

"रानांतलें माकड दिवसभर पाला शोधत हिंडतें," ते सांगायचे. "ह्या गल्लींत दोन तासांत पोट भरतें. मग उरलेला दिवस करायचें काय? लोकांच्या घरांत डोकावायचें." हे सांगताना आपण स्वतः निवृत्त आहोत आणि आता माझ्याच स्वैपाकघरात उभे आहोत, याचा त्यांना विसर पडलेला असायचा.

एका बाबतीत मात्र ते कडक. माकडाला खायला घालायचं नाही. घालाल तर याद राखा. एकदा ह्यांचा चष्मा एका दांडगट माकडाने पळवला. गच्चीच्या कठड्यावर बसून ते तो हलवून दाखवत होतं. म्हणजे, केळं द्या आणि चष्मा घ्या. हा सौदा ती माकडं देवळाच्या पायऱ्यांवर भक्तांशी रोज करायची. मी केळं आणायला धावले तर रायर दारात आडवे. "एकदां दिलेंत कीं उद्यां गल्लींत एकाच्याही नाकावर चष्मा राहणार नाहीं!" अर्धा तास आम्ही नुसते बसून राहिलो. हे आंधळ्यासारखे, रायर हाताची घडी घालून. शेवटी माकड कंटाळलं आणि चष्मा टाकून गेलं. एक काच फुटली. हे चिडून म्हणाले, "केळं स्वस्त पडलं असतं." रायर म्हणाले, "अस्क्यांना महाग पडलें असतें." आणि खाली जाऊन त्यांनी ती वेळ रजिस्टरात मांडली.

गंमतीत असंच चाललं होतं. उन्हाळ्यात मी गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालायची, 'अकरा ते एक उचलून ठेवा' असं रायर बजावायचे, मी विसरायची, आणि माकडं त्या पापड्या माझ्याच वाळत घातलेल्या साडीला नीट पुसून खायची. मग समोरच्या मामी पडल्या.

मामी म्हणजे गल्लीचा कणा. तमिळ, सत्तरीच्या, आवाज असा की दोन मजले खाली पाणी भरणारी बाई दचकायची. शुक्रवारी देवळातून फोडलेला नारळ आणि केळी ताटात घेऊन जिना चढत होत्या. त्याच चष्मेचोर दांडगट माकडाने वरून ताटावर उडी घातली. ताट गेलं, नारळ गेला, मामी सहा पायऱ्या खाली. मनगट मोडलं.

चार दिवसांनी हात गळ्यात अडकवून मामींनी आपल्या ओट्यावर सगळ्यांना बोलावलं. अर्ज तयार होता. पिंजरे लावून माकडं पकडायची आणि लांब डोंगरात सोडायची. प्रत्येक घराची सही हवी. सगळ्यांनी केली. उरलो आम्ही आणि रायर.

हे माझ्या कानात म्हणाले, "सही कर. घर भाड्याचं असलं तरी हाडं आपली आहेत."

रायर उभे राहिले. त्यांनी रजिस्टर आणलेलंच होतं. मामी म्हणाल्या, "या रायरे, या. माझं पडणं कुठल्या रकान्यात लिहिलंत? अप का डाउन?"

लोक हसले. रायरांचा चेहरा कसनुसा झाला. मग हळूच म्हणाले, "मामी, तुमचा हात मोडला, चूक झाली. पण त्यांत ती म्हातारीही जाईल हो."

ही म्हातारी कोण ते सांगायला हवं. टोळीत सगळ्यांत वयस्क एक माकडीण होती. विजेच्या तारेचा झटका बसून तिचा उजवा हात कोपरापासून गेलेला. गल्लीतले लोक तिला 'पाट्टी' म्हणत. पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी. ती डाव्या हाताने खायची, शेपटी सांभाळून पाइपावरून उतरायची, आणि तारा टाळून नेहमी लांबच्या वाटेने जायची. पोरं माकडं तारेला हात लावायला गेली की दात विचकून त्यांना मागे ओढायची.

"ती ह्या गल्लींत जन्मली," रायर म्हणाले. "डोंगर तिनें चित्रांतही पाहिला नाहीं. एका हातानें ती अनोळखी झाडावर काय चढणार? तिथली दुसरी टोळी तिला जगूं देईल? मला एक महिना द्या. वेळापत्रक आपण बनवलें आहे, त्यांनीं नव्हे. आपण बदललों कीं तीं वाट बदलतील."

मामींनी गळ्यातला हात सावरला. मग म्हणाल्या, "सेरी, ठीक आहे. पुढच्या अमावास्येपर्यंत. त्या दिवशी एक जरी माकड माझ्या जिन्यावर दिसलं, तर तुम्ही स्वतः सही करायची."

"करीन," रायर म्हणाले.

मग काय विचारता! दुसऱ्या दिवसापासून ऐंशीच्या घरातला हा माणूस दारोदार. कचरा गाडीची घंटी वाजल्यावरच बाहेर. मेसवाल्याने भाताचं पातेलं मागे उघड्यावर घासायचं नाही. देवळातून येताना नारळ ताटात नाही, झाकणाच्या डब्यात. ह्याला देवळातले गुरुजी आधी तयार नव्हते. रायर तीन दिवस त्यांच्या पायरीवर जाऊन बसले, तेव्हा कंटाळून तयार झाले. मला म्हणाले, शिट्टीचा कुकर बंद, डाळ पातेल्यात शिजवा. मी शिजवली! त्या माकडांपायी मी दोन आठवडे वरणाला तासभर ढवळत उभी होते, हे कुणी लक्षात ठेवत नाही.

आणि एवढं करून काय? दहा वाजून दहा मिनिटांनी तेरा माकडं हजर. मामींच्या कठड्यावर ओळीने बसून झाकणाच्या डब्यांकडे बघत राहायची. खायला काही मिळत नव्हतं, पण येणं चुकत नव्हतं.

रायर चिडचिडे झाले. कुणीतरी चोरून घालतंय, म्हणू लागले. मेसवाल्याशी भांडले. एक दिवस माझ्या स्वैपाकघरात येऊन ओट्याखाली वाकून बघायला लागले तेव्हा माझा तोल गेला.

"काय शोधताय?"

"केळ्याची साल."

"रायर, तुमच्यासाठी मी कुकर बंद केला आणि तुम्ही माझ्या घरी धाड घालता? द्या ते रजिस्टर इकडे."

"तुम्हाला त्यांतलें कळणार नाहीं."

"मद्रासहून नाशिकला गाडी बदलत बदलत नऊ वर्षं एकटी जातेय मी. वेळापत्रक मला कळतं. द्या."

मी चष्मा लावून बसले. एकेक ओळीवर बोट ठेवून वाचलं. त्या दोन आठवड्यांत मेस गळली होती, कचऱ्याचा कोपरा गळला होता, आमचं घर गळलं होतं. तरी गाडी सुटत होती. म्हणजे सुटते कुठून ते बघायला हवं. सगळ्यांत वरची ओळ होती: 'मागील खिडकी, दुसरा मजला. येणे १०.०५. थांबा पाच मिनिटे.' त्यापुढचा कारणाचा रकाना कोरा.

"दुसरा मजला म्हणजे तुमची खिडकी ना?"

"हो."

"कारण लिहिलेलं नाही."

"तो तांत्रिक थांबा आहे."

"तांत्रिक म्हणजे काय? पाणी भरतात का इंजिनात?"

रायर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पाट्टी येते. एक केळें घेते. जाते."

मी चष्मा काढला. "तुम्ही खायला घालता?"

"घालत नाहीं!" ते इतके दुखावले की मलाच वाईट वाटलं. "ती पासावर आहे."

आता हे रेल्वेच्या घरातला माणूसच समजू शकतो. नोकरी झालेल्याला पास मिळतो, तो तिकीट काढत नाही, आणि तिकिटांच्या हिशेबात त्याला कुणी धरत नाही. हात गेलेल्या पाट्टीला रायरांनी मनातल्या मनात असा पास दिला होता. तीन वर्षं रोज एक केळं. आणि पासवाला प्रवासी मोजायचा नसतो म्हणून त्यांनी ते मोजलंच नव्हतं. लबाडी नव्हती हो. सगळ्या गल्लीला दटावणाऱ्या त्या माणसाला स्वतःचं केळं खरोखरच दिसत नव्हतं.

मी म्हटलं, "रायर, पासवाली बाई एकटी येते का?"

ते खिडकीची कडी चाचपायला लागले.

"सगळ्यांत वडील ती. ती निघाली की मागून बाराजण निघतात. ती तुमच्याकडे येते म्हणून बाकीची गल्लीत येतात. आणि त्यात तो दांडगटही."

त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि त्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. मग खिशातून पेन्सिल काढली आणि बारीक अक्षरात लिहिलं: केळे. पेन्सिल लाल होती.

"मामींचा हात," एवढंच म्हणाले आणि वर गेले.

दुसऱ्या दिवशी दहाला मला हाक आली. "बाई, जरा वर येऊन बसतां?" मी गेले. खिडकी बंद, कडी लावलेली, आणि रायर तिच्यासमोर खुर्ची टाकून. टेबलावर एकही केळं नव्हतं. सकाळीच सगळा घड मामींकडे पोचवून आले होते.

दहा पाचला पाट्टी आली. कठड्यावर बसली. थोडा वेळ वाट बघितली. मग डावा पंजा काचेवर ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला. रायर खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले.

"पाट्टी, जा," ते म्हणाले. "वरून ऑर्डर आहे."

वरती कोण होतं? वरती गच्ची. एरवी मी अशी संधी सोडली नसती.

असे अकरा दिवस. रोज मी वर जाऊन बसायची आणि त्यांचं लक्ष तिच्याकडे जाऊ नये म्हणून बडबडायची. नाशिकच्या मावसबहिणीच्या तिन्ही मुलींची लग्नं मी त्यांना दोनदा सांगितली. ते म्हणत, "हूं, हूं," आणि काचेकडे बघत. सहाव्या दिवशी पाट्टी बसली पण पंजा लावला नाही. नवव्या दिवशी कठड्यावर टेकली आणि लगेच उठली. अकराव्या दिवशी मागच्या घरांच्या गच्च्यांवरून टोळी समुद्राच्या बाजूला जाताना दिसली. पाट्टी सगळ्यांच्या पुढे, तारांपासून लांब. तिने आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

अमावास्येला मामी सकाळपासून ओट्यावर ठाण मांडून बसल्या. दुपारचा एक वाजला. जिन्यावर एक चिटपाखरू नाही. त्यांनी अर्ज ट्रंकेत ठेवला. फाडला नाही, मामी त्या! वर बघून ओरडल्या, "रायरे, पास!" परीक्षेतलं पास म्हणाल्या त्या. रायरांनी मान हलवली आणि आत गेले.

गल्ली खूश झाली, पण रायर सुकले. म्हणजे वरून ठीक. मरीनावर जायचे, घारी मोजायचे. पण त्या म्हातारीचं काय झालं असेल हा किडा डोक्यात. "केळ्याची सवय मीं लावली, बाई. आतां तिला पाला मिळत नसला तर?" हे दिवसातून दोनदा. मी म्हणायची, मिळत असेल. मला काय माहीत! मी तरी काय कुणा माकडाच्या घरी जाऊन आले होते?

दोनेक महिन्यांनी एक दिवस बसमधून उतरले ते धापा टाकत थेट माझ्याकडे. छत्रीही मिटली नव्हती.

"दिसली!"

समुद्राकडच्या रस्त्यावर एका जुन्या सरकारी आवाराच्या भिंतीमागे मोठी चिंचेची झाडं आहेत. तिथे. "वाळली नाहीं. केस चकचकीत. कोंवळा पाला खात होती, डाव्या हातानें. दोन पिल्लें अंगावर. झाडावरून झाडावर मजेंत जाते हो, आम्हीच उगीच काळजी केली!"

"तुम्हाला ओळखलं का?"

"बघितलें माझ्याकडे."

"मग?"

"मग पाठ केली." रायरांनी छत्री मिटायला घेतली, ती मिटेना. "बरें झालें. असेंच पाहिजे. मला आनंदच झाला."

दुपारी मी डबा वर पाठवला तो तसाच परत आला.

पुढच्या आठवड्यात मी सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर रायर इस्त्रीचा शर्ट घालून, छत्री आणि कापडी पिशवी घेऊन निघालेले. मी वरून विचारलं, "कुठे, रायर?"

"बँकेंत."

"आज रविवार आहे."

ते थांबले. गल्लीच्या मधोमध उभे राहून त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. मी काहीही विचारलं नव्हतं, शपथ. तरी त्यांनी छत्री काखेत धरली, पिशवी दोन्ही हातांनी उलटी केली आणि मला दिसेल अशी झटकून दाखवली. आत काही नव्हतं. मग पिशवीची नीट घडी घातली, खिशात ठेवली, आणि बसस्टॉपकडे चालू लागले.